पाझराचा झरा

३ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

साष्टांग नमस्कार. दहा वर्षांत एकाही नमस्काराची पोच आली नाही, तेव्हा साठलेले सगळे यातच धरावेत.

घाबरू नका, हे पत्र तुमची वहिनी लिहीत नाही. तळे मंडळाची सचिव लिहिते आहे. वहिनीचं पाकीट तुम्ही न उघडता परत केलं असतं. सचिवाच्या पाकिटावर शिक्का असतो, आणि शिक्का दिसला की सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाचे हात आपोआप चालतात. तुमच्या जुन्या नंबरावर फोनही करून पाहिला. तिथे आता एक शिंपी असतो. फार गोड बोलतो, पण बांधातलं त्याला काही कळत नाही.

विषय बांधाचाच आहे. मेअखेर त्याला पन्नास वर्षं होतील. कारखान्यात मुकादम असलेल्या तुमच्या बाबांनी सुट्टीच्या दिवशी कामगार गोळा केले, ओढ्यावर माती टाकली, ती ठोकून ठोकून दोन पुरुष उंच बांध उभा केला, आणि कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोरांना पोहायला." तेवढ्याचसाठी. ना शेतीला, ना प्यायला. आमच्या वसाहतीत निव्वळ आनंदासाठी बांधलेली ही एकच गोष्ट, बाकी सगळं उपयोगी आणि कुरूप आहे.

आता जिल्ह्याच्या कार्यालयाने फतवा काढलाय. मातीच्या प्रत्येक छोट्या बांधाची तपासणी जाणकार अभियंत्याकडून करून घ्या, अहवाल मेअखेरपर्यंत द्या, नाहीतर बांध मधोमध कापून पाणी सोडून देऊ. त्यांची चूक नाही म्हणा. बांधाच्या पायथ्याशी आपली बालवाडी आहे, बत्तीस पोरं आहेत. पण कापला तर मागे उरेल चिखलाची एक खाच आणि अकरा होड्या.

आम्ही एक अभियंता आणला होता. गाडीतून उतरला नाही. काच खाली करून बांधाकडे बघितलं, काच वर केली, आणि चौथ्या दिवशी अहवाल धाडला: "काँक्रीट उत्तम स्थितीत आहे." मातीच्या बांधातलं काँक्रीट! कार्यालयाने तो कागद आम्हाला परत पाठवला, सोबत एक उद्गारचिन्ह.

म्हणून तुम्ही. आयुष्यभर बांध तपासलेत, आता निवृत्त आहात, आणि हा तर तुमच्या बाबांचा. घरी उतरायची सक्ती नाही. मंडळ उतरण्याची वेगळी सोय करील.

बांधाची काळजी आम्ही उत्तम घेतली आहे, हे नमूद करते. जास्तीचं पाणी बाहेर पडायच्या सांडव्याला जाळी लावली, म्हणजे बदकं वाहून जात नाहीत. बांधावरचं मोठं झाड होड्यांत पानं टाकायचं, ते पाच वर्षांपूर्वी कापलं. झराही बारमाही वाहतो. थोडक्यात, तुम्हाला फक्त सही करायची आहे.

आपली विश्वासू,
सचिव, तळे मंडळ


१४ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

तुमचं कार्ड मिळालं. दहा वर्षांनी दोन शब्द: "कुठला झरा?"

तुमच्या भावाने ते आठ वेळा वाचलं. दोन शब्द आठ वेळा वाचायला माणसाला बहीणच लागते. मग म्हणाला, "ताईच्या झ ची शेपटी अजून तशीच आहे." आणि होडीला डांबर लावायला निघून गेला. तो ब्रश उलटा धरून गेला हे मी त्याला सांगितलं नाही.

तर झरा. सचिवाने माहिती द्यावी ती अशी. बांधाच्या पायथ्याशी, बालवाडीच्या कुंपणापासून वीस पावलांवर, पाणी येतं. तुम्ही दहा वर्षांपूर्वी चाळिशीच्या समारंभाआधी बांध तपासून अहवाल दिला होता त्यातही त्याचा उल्लेख आहे. पुढे मंडळाने तिथे दगडी कुंड बांधलं, तोटी बसवली, दोन बाकं टाकली आणि पाटी लावली: "झरा". लोक सकाळी फिरायला येतात, तिथे टेकतात, पाणी पितात. एक निवृत्त टपाल मास्तर रोज बाटली भरून नेतात, त्यांना सगळे बाटलीआजोबा म्हणतात. त्यांचे गुडघे त्या पाण्याने बरे झाले असं ते सांगतात. पाण्यासाठी रोज दोन मैल चालतात त्याने बरे झाले असतील ही शंका कुणी काढत नाही.

आता तुम्ही म्हणाल की अहवालात मी "पाझर" लिहिलं होतं. होतं, खरं आहे. "बांधाच्या पायथ्याशी पाझर आहे. सध्या स्वच्छ. गढूळ झाल्यास ताबडतोब कळवावे." स्मरणिकेत छापताना त्यातला पाझर बदलला गेला आणि झरा छापला गेला. मग बांधातून गळणारं पाणी आणि डोंगरातून फुटणारं पाणी यातला फरक तुम्ही भर सभेत, माइक हातात घेऊन, समजावून सांगितलात. "माझ्या सहीखाली हा शब्द कुणी घातला?" असं विचारलंत. तुमचा भाऊ तेव्हा अध्यक्ष होता. तो उठला, म्हणाला, "मी." तुम्ही माइक टेबलावर ठेवलात तो आवाज अजून माझ्या कानात आहे. संध्याकाळच्या गाडीने तुम्ही गेलात त्या गेलात.

जुन्या गोष्टी उकरून काढायचा हेतू नाही. तुम्ही "कुठला झरा" विचारलंत म्हणून लिहिलं.

आपली विश्वासू,
सचिव


२६ फेब्रुवारी

ती. वन्सं,

या खेपेला चक्क दहा शब्द! "पाणी स्वच्छ की गढूळ? रोज पाहा. किती वाहतं ते मोजा." अशाने तुम्ही बोलक्या व्हाल हो.

मोजायचं म्हणता, तर ऐका. कुणाच्या ध्यानीमनी नसताना ते मोजून झालेलं आहे. तुमचं कार्ड वाचून मी बाटलीआजोबांकडे गेले. म्हटलं, उद्यापासून बाटली भरायला किती वेळ लागतो ते जरा बघाल का? आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना पत्रावर तिकीट कुठल्या कोपऱ्यात लावतात ते विचारलं.

"उद्यापासून?" म्हणाले. "सूनबाई, दहा वर्षं काय मी तिथे तोंड उघडं टाकून उभा असतो का?"

भिंतीवरची दहा कॅलेंडरं काढली. रोजच्या चौकोनात एक आकडा. तोटीखाली बाटली धरली की ते मनात एक, दोन, तीन म्हणत राहतात, बाटली भरली की थांबतात, घरी येऊन आकडा लिहितात. तीच बाटली, तीच चाल. टपालात चाळीस वर्षं शिक्के मारलेला हात, त्याच्या ठेक्यात फरक नाही. आजारी होते ते सहा दिवस रिकामे, त्यात "ताप" लिहिलंय.

पहिल्या वर्षी साठ. मग साठ, एकसष्ट, अठ्ठावन्न, पुन्हा साठ. पाच वर्षं असंच. मग पंचावन्न. मग पन्नास. मग सत्तेचाळीस. गेल्या वर्षी चव्वेचाळीस. या महिन्यात एकतीस. आजोबा खूश आहेत. म्हणतात, "आपण म्हातारे होतोय आणि झरा तरुण होतोय." सगळे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून सोबत जोडले आहेत. मी स्वतः दोनदा तपासले. आयुष्यभर छापखान्यात लोकांच्या चुका शोधून पोट भरलंय, आकड्यात माझी चूक सापडणार नाही.

तुमचा भाऊ बरा आहे. विचारलं नाहीत, तरी कळवते.

आपली,
सचिव

ता. क. गेले दोन दिवस पाणी किंचित चहाच्या रंगाचं येतंय. आजोबा म्हणतात लोह वाढलं असेल, तब्येतीला चांगलं.


५ मार्च

वन्सं,

ता. क. मध्ये कधी महत्त्वाची गोष्ट लिहू नये, हे आता साऱ्या वसाहतीला पाठ झालंय.

पत्र पोचल्या सकाळी तुम्ही होड्यांच्या शेडमध्ये फोन केलात. (नंबर कुठून मिळवलात? शिंप्याकडून?) तो उचलला पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी. तुम्ही विचारलंत, "तिथे शहाणं कोण आहे?" त्या इकडे तिकडे बघून प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आत्ता? कुणीच नाही." मग तुम्ही त्यांनाच शहाणं केलंत. त्यांनी शिट्टी फुंकली. पाण्यातली माणसं शिट्टीने बाहेर येतात, त्या दिवशी घरातलीही आली.

तुमचे हुकूम त्यांनी हातावर लिहून घेतले होते. बालवाडी आधी हलवा. तळ्याचं पाणी उतरवा, पण रोज एक फूटच, नाहीतर आतली ओली बाजू ढासळेल. आणि तोटी, कुंड, काहीही बुजवू नका.

बालवाडी वीस मिनिटांत हलली. पोरं शेडमधल्या होड्यांत बसवली, एका होडीत चार. आता ती खाली उतरायला तयार नाहीत. पाढे वल्हवत म्हणतात.

पाणी उतरवायचं म्हणजे तळाची झडप उघडायची. झडप जागेवर होती. तिचं लोखंडी चाक मात्र नव्हतं. ते कुठे होतं सांगू? शेडच्या भिंतीवर, सोनेरी रंग देऊन, खाली "कप्तान" अशी पाटी. सात वर्षांपूर्वी मंडळाने ठराव करून लावलं होतं. लग्न ठरलेली जोडपी त्याला धरून फोटो काढतात. बारा स्क्रू काढून ते सोन्याचं चाक खाली आणलं, झडपेवर बसवलं आणि सहा माणसं त्याला लटकली. काही होईना. शेवटी पोहण्याच्या बाई म्हणाल्या, "सरका," आणि एकट्या लटकल्या. ते फिरलं. मंडळाच्या इतिहासात शोभेची वस्तू कामाला आल्याची ही पहिलीच नोंद.

एवढ्यात आमचा प्लंबर सिमेंटचं घमेलं घेऊन धावत आला, भोकच बंद करतो म्हणाला. बाईंनी हातावरचा तिसरा हुकूम वाचून दाखवला, त्याला पटेना. तेव्हाच तुमचा दुसरा फोन आला. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते त्याने आम्हाला सांगितलं नाही, पण घमेलं घेऊन आला तसा परत गेला आणि येताना वाळू घेऊन आला. "इथे बुजवलं तर ते दुसरीकडून फुटेल," म्हणाला, जणू त्यालाच सुचलं होतं. पाणी येऊ द्यायचं, फक्त त्याच्यासोबत माती येऊ द्यायची नाही, एवढं आम्हाला कळलं. कुंड फोडलं, तोटी तेवढी राहू दिली. तिथे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठे दगड. वाळू बालवाडीच्या खेळायच्या हौदातली. पोरांनी स्वतः डबड्यांनी भरून दिली, एका पोरीने वर पावती मागितली.

आणि तिसरा फोन. तो मुद्दाम शेवटी ठेवलाय. बाई वाळू ओढत होत्या म्हणून तुमच्या भावाने उचलला. मी शेजारीच होते. तो म्हणाला, "ताई." मग तुमचा आवाज आला, मलाही ऐकू आला: "वाळू चाळून घे."

तो तेव्हापासून त्या तीन शब्दांवर उड्या मारतोय. "घ्या नाही म्हणाली. घे म्हणाली! तू ऐकलंस ना? घे!" प्लंबरला सांगितलं, आजोबांना सांगितलं, बदकांनाही सांगितलं असेल. वाळू मात्र इतकी चाळली की वेळेवर पुरेना.

आज चौथा दिवस. बाटलीआजोबांनी बाटली उन्हात धरली, सगळे भोवती गोळा झाले. आरपार पलीकडची होडी दिसली. स्वच्छ! आकडा अठ्ठेचाळीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा जरा हिरमुसले, त्यांचं लोह गेलं.

तळं चार फूट उतरलंय. चिखलातून एक वल्हं, तीन चष्मे, एक कवळी (मालक पुढे येत नाही) आणि "येथे कचरा टाकू नये" ही आमचीच पाटी निघाली.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बत्तीस पोरं आहेत हो.

तुमची,
(सचिव खोडलं आहे, पण पुढे काय लिहावं ते सुचत नाही)


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. खरं पत्र, पाकिटातलं, एक अख्खं पान. बांध वाचेल, पण येऊन बघितल्याशिवाय सही करणार नाही, इतकं लिहिलंत. आणि खाली, "मात्र त्याच्या घरी पाऊल ठेवणार नाही. ज्याने माझ्या अहवालात खोटा शब्द घातला त्याच्या छपराखाली मी झोपू शकत नाही."

मी हे पान पाचव्यांदा लिहिते आहे. चार फाडली. त्या चारांत फार सुंदर वाक्यं होती.

चौदा फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिलं, "पाझर बदलला गेला आणि झरा छापला गेला." तुम्ही अभियंत्या, तुमच्या लक्षात आलं नसेल. मी मुद्रितशोधक आहे, मला माहीत आहे. तो कर्मणी प्रयोग होता. ज्याला आपलं नाव सांगायचं नसतं तो कर्मणीत लिहितो. आता कर्ता घालून लिहिते.

मी बदलला.

स्मरणिकेचं मुद्रण माझ्याकडे होतं, लाल पेन माझ्या हातात होतं. मामंजींचं ते शेवटचं वर्ष, त्यांना आणि आम्हाला दोघांनाही कळलेलं. ते पहिल्या रांगेत बसणार, स्मरणिका हातात घेऊन एकेक ओळ बोटाने वाचणार. आणि त्यांच्या हयातीतल्या एकुलत्या एका बांधाबद्दल, त्यांच्याच लेकीच्या सहीने, छापलेलं असणार की तो पाझरतो. मला ते बघवेना. पाझरमध्ये अर्धा झरा आहेच, एक अक्षर काढलं आणि एक काना दिला. दोन फटकारे. आयुष्यात इतकी लहान दुरुस्ती केली नसेल.

मामंजींनी तो शब्द वाचला. बोट तिथेच थांबलं. मला म्हणाले, "सूनबाई, हा शब्द ताईचा?" मी म्हटलं, "अहवालातलाच आहे." ते म्हणाले, "हं. बरा आहे." आणि पुढे वाचायला लागले. ज्याने तो बांध स्वतः ठोकलाय त्याला झरा कुठे आहे नि कुठे नाही हे कळत नसेल का? पण त्यांनी मला पकडलं नाही. पकडलं असतं तर बरं झालं असतं.

सभेत तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या बोटांना नेहमीसारखी लाल शाई होती. तुमच्या भावाने ती बघितली आणि उठला. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. मी वाट बघत राहिले की तुमचा राग उतरेल आणि मग सांगू. मग एक वर्ष झालं. मग इतका उशीर झाला की आता काय सांगायचं, असं झालं. आणि मग त्या शब्दाभोवती कुंड बांधलं गेलं (पुन्हा कर्मणी. मी बांधवलं, ठराव माझा होता). लोक माझ्या चुकीवर बाक टाकून बसले. "गढूळ झाल्यास कळवावे" हे पाझराबद्दल होतं, झऱ्याला कोण कळवतं? माझ्या दोन फटकाऱ्यांनी बत्तीस पोरांवर पाणी सोडलं असतं.

या किंवा येऊ नका. सही करा किंवा करू नका. माझ्याशी पुढची दहा वर्षं बोलू नका, मला चालेल, मला एकटीने बोलायची सवय आहे. पण त्याच्याशी बोला. तो खोटं बोलला ते एकदाच, आणि तेही वाईट बोलला, कान लाल झाले होते त्याचे.

वहिनी


२ मे

प्रिय वन्सं,

तुम्ही जाऊन आठ दिवस झाले, आणि घरात अजून तुमच्या बुटांची माती निघते आहे. मी ती झाडत नाही. कोण जाणे, बांधाची असेल, कमी पडायची.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे तरी लिहिते. लिहून काढलं की खरं वाटतं, धंद्याची खोड आहे ही. तुम्ही गाडीतून उतरलात आणि घरी न येता खांद्याला पिशवी लावून सरळ बांधावर चढलात. तुमचा भाऊ धापा टाकत मागून पोचला. मला वाटलं आता रडारड होणार. तुम्ही त्याला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "बेडक्या, पोट केवढं सुटलंय तुझं! बांध राहू दे, आधी हेच तपासायला हवं."

पाण्याबाहेर न येणाऱ्या मुलाचं ते नाव, पन्नाशीच्या माणसाने ते ऐकलं आणि असा हसला की खाली बालवाडीतली पोरं होड्यांत उभी राहिली.

मग स्वयंपाकघरात, मी पाठ करून भांडी विसळत असताना (तीच भांडी तिसऱ्यांदा), तुम्ही म्हणालात, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"बेडक्या पाझर हा शब्द 'पाजर' असा लिहितो. अजून. त्याला झरा कुठून सुचणार?"

"मग दहा वर्षं..."

"तो माझ्यापाशी खोटं बोलला, आणि तुम्ही गप्प बसलात. मला एक पत्र हवं होतं. सचिवाचं नव्हे. म्हणून तर ते छपराचं वाक्य लिहिलं."

ते पातेलं मी त्यानंतर अजून दोनदा विसळलं.

आता तुम्ही बघितलं नाहीत ते सांगते. कापलेल्या झाडाचा बुंधा खणून काढलात, आत कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या दाखवल्यात, त्यातूनच माती वाहत होती हे समजावलंत, तेव्हा झाड कापायचा ठराव मांडणारे खजिनदार हळूच मागच्या मागे सटकले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी धुम्मस घेऊन हजर होते. चिकणमातीचा एकेक थर टाकून त्या लाकडी ठोकळ्याने तो ठोकताना, तुमच्या पाठीमागे, त्यांनी बांधाला हळूच "सॉरी" म्हटलं. मी ऐकलं. आणि तुम्ही भावंडं समोरासमोर उभी राहून ठोकत होतात, एक तुमचा, एक त्याचा, तेव्हा बाटलीआजोबा बाजूला बसून आकडे म्हणत होते. त्यांच्या ठेक्यावर ठोका चुकत नव्हता. मामंजी असते तर म्हणाले असते, "हं. बरा आहे."

सांडव्याची जाळी काढली. बदकं कुठेही वाहून गेली नाहीत. ती तिथे जातच नव्हती म्हणे, हे पोहण्याच्या बाईंना पहिल्यापासून माहीत होतं, कुणी विचारलं नव्हतं. झडपेचं चाक झडपेवरच राहील, सोनेरी. जोडपी आता तिथे जाऊन फोटो काढतात आणि जाता जाता एक वेढा फिरवून बघतात, म्हणजे ते गंजणारही नाही. पाटी बदलली: "पाझर. स्वच्छ असेल तर बसा. गढूळ दिसला तर उठा आणि कळवा." बाटलीआजोबांनी पाणी प्यायचं सोडलंय. मोजायला मात्र जातात. काल साठ. गुडघे उत्तम.

आता मुख्य मुद्दा, आणि हा अत्यंत गंभीर आहे.

तुमचा अहवाल काल पोचला. वरच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, "स्वच्छ प्रत काढून कार्यालयात द्या. एकही शब्द बदलू नये. एकही." दोनदा अधोरेखित. मी शब्दाला जागणार आहे. बारा पानं वाचली. पान चारवर "पाझर आहे, स्वच्छ आहे" हे वाक्य आलं तेव्हा तुमच्या भावाने मला ते मोठ्याने वाचायला लावलं, जसंच्या तसं.

पण पान सातवर, शिफारस क्रमांक तीन. तुम्ही लिहिलंय: "तळ्यातला गाल दर तीन वर्षांनी काढावा."

वन्सं, मी रात्रंदिवस या वाक्याकडे बघते आहे. कुणाचा गाल? दर तीन वर्षांनी का? तुमचा भाऊ सकाळपासून गालावर हात ठेवून फिरतोय आणि कार्यालयाचे लोक कधी येणार विचारतोय. बांध तपासण्यात आयुष्य गेलेल्या बाईला गाळ हा शब्द लिहिता येत नाही यावर माझा विश्वास बसत नाही. मुद्दाम केलंत का? मी काय करते ते बघायला?

तर मी काहीही केलेलं नाही. म्हणून हे पत्र. फोन केला असता, पण फोनवर ल आणि ळ नीट ऐकू येत नाही, आणि मला तुमची परवानगी लेखी हवी आहे. अहवाल द्यायची मुदत अजून चार आठवडे आहे. समारंभ मेच्या शेवटच्या रविवारी, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत, मामंजी बसायचे तिथे.

ल चा ळ करू का? उलट टपाली कळवा. तोवर लाल पेन बेडक्याच्या खिशात आहे.

तुमची,
वहिनी